रहिवासी : गुणधर्म, धोके व हाताळणी

एकवीस वर्षं ज्या माणसानं अख्ख्या शहराला पाणी पाजलं, त्याला एक दिवस खात्याचा कागद येतो, की बाबा रे, पाणी म्हणजे काय हे तुला ठाऊक आहे असं लेखी सिद्ध कर. आता याला काय म्हणावं? फिल्टरकाकांनी जे म्हटलं ते इथं छापण्यासारखं नाही.

परिपत्रकात लिहिलं होतं, की यापुढे जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रत्येक शिफ्ट इनचार्जनं रसायनशास्त्राची खात्यांतर्गत परीक्षा उत्तीर्ण व्हायला हवी. लेखी ऐंशी गुण, तोंडी वीस, पैकी पन्नास आवश्यक. संधी एकच. अनुत्तीर्ण होणाऱ्याची बदली मीटरवाचन विभागात. म्हणजे गळ्यात पिशवी अडकवून दारोदार हिंडायचं, परक्यांच्या जिन्याखाली ओणवं व्हायचं आणि उतारवयात कुत्र्यांशी ओळखी वाढवायच्या. फिल्टरहाउसमधली ती खिडकीजवळची खुर्ची, समोर संथ फिरणारं पाणी, तो तुरटीचा वास, हे सगळं सोडून! काकांना नुसत्या कल्पनेनं घाम फुटला. पाण्याच्या रंगाकडे बघून तुरटी किती टाकायची हे सांगणारा माणूस होता तो. पण कळणं वेगळं आणि लिहिणं वेगळं. पुस्तकात तुरटीचं जे नाव दिलं होतं ते एका श्वासात म्हणतासुद्धा येत नव्हतं.

"एकवीस वर्षं मी तिथं काय झोपा काढत होतो?" घरी आल्यावर चपला काढायच्या आधीच त्यांनी विचारलं.

"रात्रपाळीला काढतच होतात की," काकू म्हणाल्या.

बातमी इमारतीत पसरायला जिना चढण्याइतकाच वेळ लागला. चार मजल्यांची, बारा बिऱ्हाडांची इमारत. तिथं एकाच्या घरी दूध उतू गेलं की अकरा घरांतून 'गॅस बंद करा' असा सल्ला येतो. लग्नं जुळवणाऱ्या मावशींनी भिजवलेले बदाम सुचवले. दुसऱ्या मजल्यावरचे वकीलसाहेब म्हणाले, पाठ करू नका, मुद्दे काढा. तळमजल्यावरचे निवृत्त तिकीट तपासनीस म्हणाले, प्रत्येक सूत्र शंभर वेळा लिहा, आमच्या वेळी हेच होतं आणि म्हणून आम्ही टिकलो. सोसायटीचे चिटणीस म्हणाले, मी सवडीनं विचार करून सांगतो. आणि पहिल्या मजल्यावरच्या वहिनी सल्ला वगैरे काही न देता पाठ्यपुस्तकच घेऊन गेल्या. "बघू तरी काय असतं, दोन दिवसांत आणून देते." परीक्षेला तीन आठवडे उरले होते. पुस्तक नवव्या दिवशी परत आलं, तेही काका स्वतः आणायला गेले म्हणून, आणि त्यात किराणा सामानाची यादी खूण म्हणून घातलेली होती.

शेवटी वाट दाखवली ती मुलीनं. ती कॉलेजात रसायनशास्त्रच शिकत होती आणि बापाला रोज रात्री जेवणाच्या ताटावर 'सोडियम... सोडियम...' असं पुटपुटताना बघून वैतागली होती.

"बाबा, असं घोकून काही होणार नाही. अनोळखी गोष्ट ओळखीच्या गोष्टीला बांधायची असते. तुम्हाला या इमारतीतला माणूस न् माणूस पाठ आहे ना? मग एकेका दाराला एकेक मूलद्रव्य टांगा. जिना चढलात की उजळणी झाली."

काका आधी हसले. मग सहज म्हणून सुरुवात केली, आणि काय सांगू, मळभ दूर व्हावं तसं झालं. तिसऱ्या मजल्यावरची तिन्ही बिऱ्हाडं कुणाच्या अध्यात नव्हती की मध्यात; ती झाली हेलियम, निऑन आणि आरगॉन, कुणाशीही संयोग न पावणारी. मावशी चारी बाजूंनी चार हातांनी जगाला जोडत सुटायच्या, त्या कार्बन. जे दिसेल ते ओढून नेणाऱ्या वहिनी फ्लोरिन. बोलायला लागले की जडपणानं जीव घेणारे वकीलसाहेब शिसं. हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के भरून असलेला पण सहसा काही न करणारा नायट्रोजन कोण, हे शोधायला तर पुस्तक मिटायचीसुद्धा गरज पडली नाही. आणि तपासनीस! वरच्या गॅलरीतून वाळत घातलेल्या कपड्यांचं पाणी त्यांच्या खिडकीवर टपकलं की गृहस्थ असा पेट घ्यायचा, की सोडियमसुद्धा वही घेऊन शिकायला बसला असता.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण एकवीस वर्षं नोंदवह्या भरलेला माणूस तो. नुसतं डोक्यात ठेवून त्याला चैन कुठली पडायला? त्यानं फुलस्केप कागद घेतला, पट्टीनं रकाने आखले आणि फिल्टरहाउसमध्ये भिंतीवर जशी सूचना असते तसा मथळा दिला : 'इमारतीतील रहिवासी : गुणधर्म, धोके व हाताळणी'. खाली बिऱ्हाड क्रमांक आणि प्रत्येकासमोर सुवाच्य अक्षरात टिपण. मूलद्रव्यांची नावं मुद्दाम लिहिली नाहीत, कारण ती आठवायची हाच तर अभ्यास होता. हा कागद मोठा करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचा असा त्यांचा बेत होता.

आता, काका सोसायटीचे सहचिटणीसही होते. हे पद कुणालाच नको असतं म्हणून त्यांच्याकडे होतं. वार्षिक सभेची नोटीस आणि विषयपत्रिका बारा प्रतींत काढून वाटायचं काम त्यांचंच. ते दोन कागद आणि हा एक, तिन्ही एकाच फोल्डरमध्ये घालून ते झेरॉक्सवाल्याकडे गेले. "याच्या बारा," म्हणाले, "आणि ह्याची एकच, मोठी." पण हे सांगताना तोंडानं हॅलोजनांची माळ जपणं चालू होतं, त्यामुळे 'याच्या' म्हणताना बोट अख्ख्या फोल्डरवर पडलं आणि 'ह्याची' म्हणताना नुसत्या काउंटरवर, हे त्यांनी पाहिलं नाही. झेरॉक्सवाला कामाला चोख. त्यानं तिन्ही कागदांच्या बारा बारा प्रती काढल्या, तीन तीनचे संच लावले, वर कोपऱ्यात पिना मारल्या आणि गठ्ठा हातात दिला.

ते संच दुसऱ्या कुणी वाटले असते तर काकांना निदान बोट दाखवायला जागा राहिली असती. पण नाही. त्यांनी स्वतः, आपल्या हातानं, दारोदार जाऊन, हसतमुखानं वाटले. आणि प्रत्येकाची पोचवहीवर सही घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात कुणी बोललं नाही. वहिनी समोरून आल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मावशींनी दार उघडून पाहिलं आणि लावून घेतलं. काकांना वाटलं, परीक्षा जवळ आली म्हणून लोक आपल्याला एकांत देताहेत. किती समजूतदार शेजारी, असंही ते काकूंना म्हणाले. दहाच्या सुमाराला हवालदार आला.

"तळमजला, बिऱ्हाड क्रमांक दोन यांची तक्रार आहे," हवालदारानं पिन मारलेला संच पुढे धरला आणि बोट ठेवून वाचलं, "'पाण्याचा थेंब लागताच भडकतो. मोकळ्या हवेत ठेवू नये. रॉकेलात बुडवून ठेवावा.' हे अक्षर तुमचं?"

काकांनी कागद पाहिला. मथळा पाहिला. मग पोचवहीवरच्या त्या अकरा सह्या त्यांच्या डोळ्यांसमोर एकामागून एक येऊन उभ्या राहिल्या आणि ते तिथंच स्टुलावर बसले.

"अहो, तो सोडियम आहे हो!"

"तक्रारीत तसं नाव नाही."

"रॉकेलात सोडियम ठेवतात! पुस्तकात आहे!"

पुस्तक दाखवलं, परिपत्रक दाखवलं, मुलीनं येऊन पाऊण तास समजावलं. हवालदाराच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. त्यानं जबाबाचा कागद भरला, त्यात 'सदर इसम आपल्या शेजाऱ्यांना पाठ करीत होता' असं लिहिलं आणि त्याखाली काकांची सही घेतली. जाताना दारात घुटमळला. "मलाही खात्याची परीक्षा आहे पुढच्या महिन्यात. कलमं लक्षात राहत नाहीत बघा. ती अशी माणसांवर बसवता येतील का हो?"

"बसवा," काकू आतून म्हणाल्या, "पण झेरॉक्स काढू नका."

रविवारी सभा. काका हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, झाली ती चूक झाली, तो कागद सभेचा नाही, परीक्षेसाठी एकेका दाराला एकेक मूलद्रव्य टांगलं होतं एवढंच, सगळ्यांनी फाडून टाकावा आणि मला क्षमा करावी. कुठल्याही शहाण्या माणसांच्या सभेत विषय तिथंच मिटला असता.

"तसं करता येणार नाही," चिटणीस म्हणाले. "कागद विषयपत्रिकेला जोडून आलाय. म्हणजे ते परिशिष्ट झालं. परिशिष्ट आलं की चर्चा घ्यावीच लागते. नियम आहे."

"अहो, पण बुधवारी माझी परीक्षा आहे!"

"तो विषय पत्रिकेवर नाही."

मग चर्चा झाली. वकीलसाहेब पहिले उठले. आपल्या बिऱ्हाड क्रमांकापुढे 'जड. पोटात गेल्यास हळूहळू विषबाधा' असं आहे; हे कुठल्या आधारावर, अशी त्यांनी विचारणा केली आणि आपल्याला सोन्याचा दर्जा मिळावा अशी दुरुस्ती मांडली. पंचवीस मिनिटं बोलले. शेवटच्या दहा मिनिटांत तर काकांना खरोखरच विषबाधेची लक्षणं जाणवायला लागली. वहिनींचं म्हणणं वेगळं. "'मिळेल त्याच्याकडून ओढून घेतो' म्हणे! मी कुणाचं काय ओढून घेतलं? नावं सांगा ना!" हे त्यांनी बोलायला नको होतं. शिडी, इस्त्री, दोन छत्र्या, एक भिंतीला भोकं पाडायचं यंत्र आणि चिटणिसांच्या घरची लोखंडी कढई, असा हिशेब तिथल्या तिथं निघाला, आणि त्या भांडणात अर्धा तास गेला. तिसऱ्या मजल्यावरचं कुणी आलंच नव्हतं. तिघांनी मिळून एक चिठ्ठी पाठवली होती : 'आम्हाला कशाबद्दल काही म्हणायचं नाही.'

"बघा! तंतोतंत!" काकांच्या तोंडून निघून गेलं, आणि सगळे त्यांच्याकडे असे बघायला लागले, की त्यांनी जीभ चावली.

एक चिटणीस तेवढे खूश होते. "माझं किती म्हणालात? अठ्ठ्याहत्तर टक्के? म्हणजे स्पष्ट बहुमत. पुढचं काय ते 'सहसा क्रिया करीत नाही', ते गाळा."

तपासनीस इतका वेळ गप्प बसले होते. माणूस लाल होत होता, खुर्चीचे हात आवळत होता. तेवढ्यात मावशींनी त्यांना शांत करायला म्हणून पाण्याचा पेला पुढे केला, आणि धक्का लागून घोटभर पाणी त्यांच्या सदऱ्यावर सांडलं. झालं! खुर्ची मागं गेली, पेला उडाला, "चाळीस वर्षं लोकांची तिकिटं तपासली, आणि हा मला तपासतो!" असा आवाज झाला, आणि तपासनीस दार आपटून सभात्याग करून गेले. उरलेल्या सगळ्यांनी एकदम परिशिष्टाकडे पाहिलं, आणि काकांना त्या क्षणी आपल्या अभ्यासाचा अभिमान वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही.

ठराव झाले ते असे. वकीलसाहेब सोनं, बहुमतानं. वहिनी ऑक्सिजन, कारण 'सर्वांना जीवदान देणारा' हे शब्द त्यांना आवडले. मावशी कार्बनच, पण पुढे 'हिरा' असा उल्लेख करावा. आणि इतिवृत्त मंजूर होईपर्यंत सहचिटणिसांनी जुनी यादी वापरू नये.

यादी वापरू नये! डोक्यातली यादी काय भिंतीवरची असते उतरवून ठेवायला? पण शेजारी ऐकतायत कुठे. सोमवारी जिन्यात वहिनींनी अडवलं. "सांगा बरं, मी कोण?"

"ऑक्सिजन, वहिनी."

"आणि करते काय मी?"

"जीवदान देता."

मंगळवारी वकीलसाहेबांनी आपले गुणधर्म स्वतः टाइप करून आणून दिले. 'गंजत नाही, तेज कमी होत नाही, सर्वत्र मान.' काकांना आता फ्लोरिन म्हटलं की दार उघडायचं ते ऑक्सिजनचं, आणि शिसं म्हटलं की समोर सोनं येऊन उभं राहायचं. इतक्या कष्टांनी बांधलेली अख्खी इमारत दोन दिवसांत पत्त्यांसारखी कोसळली.

"तुम्ही परीक्षेला बसताय की निवडणुकीला?" काकूंनी विचारलं. काकांना रडू यायचं तेवढं बाकी होतं. या वयात, या अकलेनं, मीटरच वाचायची लायकी आहे आपली, असं त्यांनी मनाशी धरून टाकलं.

लेखी पेपर बुधवारी झाला. त्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. शिशाच्या प्रश्नाला त्यांनी 'शिशाला रविवारपासून सोन्याचा' एवढं लिहिलं आणि घाबरून खोडलं. एक पहिला प्रश्न काय तो मनासारखा गेला. तोंडी परीक्षा आठवड्यानंतर होती. टेबलापलीकडे परीक्षक बाई. केस पिकलेले, चष्मा नाकावर, समोर काकांचा पेपर.

"लेखीत चौतीस आहेत. म्हणजे इथं वीसपैकी सोळा हवेत," त्या म्हणाल्या. काकांनी मान डोलावली. सोळा! इथं दोन मिळायची मारामार. "आधी मला हे सांगा. सोडियम आणि पाणी. जोराची क्रिया होते, हायड्रोजन निघतो, उष्णतेनं तो पेट घेतो, मागे कॉस्टिक सोडा राहतो. सगळं बरोबर, पाचपैकी पाच दिले मी. पण शेवटी 'आणि सभात्याग करतो' हे काय आहे?"

लपवून उपयोग नव्हता. काकांनी सगळं सांगितलं. यादी, पिना, पोचवही, हवालदार, ठराव. सांगताना कान तापले. बाईंनी दोनदा चष्मा काढून डोळे पुसले आणि मग गंभीर झाल्या.

"बरं. तुम्ही शिफ्टवर आहात. क्लोरीनचा सिलिंडर गळतोय. काय कराल?"

काका मनातल्या मनात जिना चढले. तळमजला, पहिला, दुसरा. क्लोरीन कुणाच्या दारावर टांगला होता? तिसऱ्यापर्यंत गेले. एकही दार उघडेना. मग त्यांनी तो नाद सोडला आणि तोंड उघडलं.

"आधी वारा बघायचा. आमच्याकडे त्यासाठी बाहेर काठीला एक फडकं बांधलंय, मीच बांधलंय. वारा जिकडून येतो तिकडं जायचं, आणि उंचावर. खाली कधीच नाही. तो जड असतो, खड्ड्यात जाऊन बसतो. आत कोण आहे ते मोजायचं आणि आधी त्याला बाहेर काढायचं. मग मुखवटे लावून दोघांनी जायचं, एकट्यानं नाही. अमोनियात भिजवलेला बोळा काठीला बांधून सांध्यांजवळून फिरवायचा. जिथं पांढरा धूर उठेल तिथं गळती. पाणी मारायचं नाही, बाई. नवीन माणूस हटकून पाइप घेऊन धावतो. पाणी लागलं की ते भोक खात जातं, मोठं होतं. सिलिंडर असा वळवायचा की भोक वरच्या बाजूला येईल, म्हणजे आतलं पातळ बाहेर येत नाही, नुसता वायू येतो. मग टोपी बसवायची. आणि हे सगळं होईपर्यंत खालच्या वस्तीतल्या लोकांना कुणीतरी उठवायला पाठवलेलं असायला हवं."

बाईंनी शेजारचं पाठ्यपुस्तक उघडून ते पान काढलं.

"हे पुस्तकात या क्रमानं नाही," बाई म्हणाल्या.

"ते पान मी वाचलंच नाही. तेव्हा पुस्तक वहिनींकडे होतं."

"मग लक्षात कसं ठेवलंत?"

"ठेवलं नाही हो. सहा वर्षांपूर्वी झालं ते. आमचा मदतनीस आत होता, पडलेला. त्याला ओढत आणताना मला वाटलं, आता संपलं सगळं." काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. "ते विसरता आलं असतं तर बरं झालं असतं."

बाईंनी कागदावर आकडा लिहिला आणि कागद उलटा फिरवून दाखवला. अठरा. एकूण बावन्न. काकांनी तो तीनदा वाचला, मग टेबलाच्या कडेला धरून उभे राहिले. खुर्ची राहिली. खिडकी राहिली. कुत्र्यांशी ओळख काही होत नाही आता.

ही बातमी ऐकून इमारत आनंदेल असं वाटणारा माणूस भोळाच म्हणायचा. पास झालात का, हे कुणी विचारलंच नाही. वहिनी म्हणाल्या, "माझ्यावर काय आलं होतं?" मावशींनी विचारलं, "हिरा लिहिलात ना?" चिटणिसांनी आपल्या वाट्याचे गुण टक्क्यांत मागितले. वकीलसाहेबांना सोन्यावर प्रश्नच आला नाही हे कळल्यावर पेपर कुणी काढला त्याचं नाव हवं होतं. "सोन्याला हात लावायची त्यांची छाती झाली नाही, साहेब," काका म्हणाले आणि पुढे सटकले. देवा, या लोकांना कुठल्या सिलिंडरमध्ये भरून ठेवावं!

तळमजल्याच्या पायरीवर तपासनीस बसले होते. सभेपासून ते काकांशी एक शब्दही बोलले नव्हते. काका खाली मान घालून जायला लागले, तसं त्यांनी घसा खाकरला.

"मी आलो होतो का पेपरात?"

"पहिलाच प्रश्न."

"किती गुणांना?"

"पाच."

"मिळाले किती?"

"पाच," काका म्हणाले. खोटं बोलावं असं मनात आलं होतं, पण उशीर झाला होता.

"पैकीच्या पैकी," तपासनीस म्हणाले. "म्हणजे बरोबरच लिहिलं होतंत तुम्ही. मुलगाही हेच म्हणाला होता जाताना. सून पण. मला वाटायचं, काहीतरी मनाचं बोलतात."

काकांचा महिनाभराचा सगळा वैताग कुठल्या कुठे गेला. त्यांना त्या माणसाचं फार वाईट वाटलं. ते त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

"अहो, मिठातही सोडियमच असतो. रोज घराघरात असतो. तिथं काही भडकत नाही बिडकत नाही. त्याच्यावाचून घास गोड लागत नाही कुणाला."

तपासनिसांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"मग हे का नाही लिहिलंत यादीत?"

काकांनी मान खाली घातली.

"परीक्षेला ते विचारत नाहीत हो."